वाट हरवलेल्या पांढऱ्या पेशी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्याकडं घरोघरी एक शब्द अगदी सहज वापरला जातो. पोराचा गुडघा फुटला, दोन दिवसांनी तिथं पिवळसर पू दिसला, की आई म्हणते, ‘सेप्टिक झालंय वाटतं.’ मग हळद, नाही तर ट्यूबमधलं मलम, फार तर दवाखान्यातली पट्टी, आणि प्रकरण मिटतं. हाच शब्द आपण घरामागं जमिनीत पुरलेल्या टाकीलाही लावतो. मूळ शब्द ग्रीक. अर्थ कुजणं, सडणं. हिप्पोक्रेटिसच्या काळापासून तो वैद्यकात आहे.

शब्द ओळखीचा असल्यामुळं एक घोटाळा होतो. अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दारातून डॉक्टर बाहेर येतात आणि म्हणतात, ‘सेप्सिस झालाय.’ ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं गुडघ्यावरची ती जखम येते. जुनी माणसं याच आजाराला ‘रक्तात पू झाला’ म्हणत. ‘अंगात विष भिनलं’ असंही म्हणत. यातलं दुसरं वाक्य बरंचसं खरं आहे. पहिलं मात्र शास्त्राच्या दृष्टीनं जवळजवळ उलटं आहे आणि आज मला त्या उलटेपणाविषयीच बोलायचं आहे. कारण पू होणं ही आपल्या पांढऱ्या पेशी योग्य ठिकाणी पोचल्याची खूण असते. सेप्सिसमध्ये घात होतो तो त्या पोचत नाहीत म्हणून.

आधी आजाराचं आजचं वर्णन सांगतो. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी सेप्सिसची व्याख्या नव्यानं केली. जंतुसंसर्गाला शरीरानं दिलेला प्रतिसादच बिघडला आणि त्यामुळं जिवावर बेतेल इतके अवयव निकामी होऊ लागले, तर तो सेप्सिस. व्याख्येत जंतूचं नाव नाही. सुरुवात न्यूमोनियातून होवो, लघवीच्या संसर्गातून होवो, पोटात फुटलेल्या अपेंडिक्समधून होवो, की बाळंतपणानंतरच्या तापातून, पुढची वाट बरीचशी एकच असते. एका जागतिक पाहणीनुसार २०१७ या एका वर्षात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्यात गेले. जगात त्या वर्षी झालेल्या मृत्यूंपैकी साधारण दर पाचवा मृत्यू. इतक्या मोठ्या आजाराचं नाव आपल्या वर्तमानपत्रांत किती वेळा येतं, ते वाचकांनीच आठवावं. मृत्यूच्या बातमीत बहुधा ‘अल्प आजारानं’ असं लिहिलेलं असतं.

मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. या विषयात शिरलो तो रक्ततपासणीच्या एका कागदामुळं. २०१९ च्या पावसाळ्यात माझ्या मोठ्या आपाला शहरातल्या एका रुग्णालयात दाखल केलं. तिला अठरा वर्षांपासूनचा मधुमेह. नवी चप्पल चावून पायाला फोड आला, तो फुटला आणि आठवड्याभरात घोट्यापर्यंत पाय लाल झाला. मधुमेहात रक्तातली साखर सतत चढी राहिली, की पांढऱ्या पेशींचं कामही मंदावतं, हे तेव्हा आम्हा कुणाच्या गावी नव्हतं. भाचा रोज सकाळी तपासणीचा कागद घेऊन बाहेर यायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, ‘मामू, पांढऱ्या पेशी चोवीस हजार झाल्यात. म्हणजे अम्मीची ताकद वाढतेय ना?’ तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘मामू, आज दोन हजार नऊशेच आहेत. उतरल्या. म्हणजे इन्फेक्शन कमी झालं?’

दोन्ही प्रश्न शहाणपणाचे होते. शाळेत आपल्याला शिकवलेलंच असतं की पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक. सैनिक वाढले तर बरं, आणि लढाई संपल्यावर कमी झाले तरी बरं. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी आम्हाला बाकावर बसवून सांगितलं, ‘काका, नुसता आकडा बघून काही कळत नाही. त्या पेशी कुठं आहेत आणि काय करताहेत, ते महत्त्वाचं.’ कवी म्हणून मला तेव्हापासून ते सैन्याचं रूपक खटकू लागलं आहे. रूपक सोयीचं असतं, पण ते आपल्याला फक्त मोजायला शिकवतं.

तर त्या पेशी एरवी कुठं असतात आणि काय करतात?

ही गोष्ट १८८२ सालापासून सांगितली जाते. इल्या मेचनिकॉव्ह नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तेव्हा इटलीतल्या सिसिली बेटावर, मेसिना गावी राहत होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कस बघायला गेली आणि हा एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी बसला. समोर तारामाशाची इवलीशी, काचेसारखी पारदर्शक पिल्लं. त्यांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडं हिंडताना दिसत होत्या. त्याच्या मनात आलं, या हिंडत्या पेशी शरीराचं रक्षण करत असतील तर? बाहेरून काही टोचलं तर त्या तिथं धावून गेल्या पाहिजेत. तो बागेत गेला, गुलाबाचे काटे आणले आणि त्या पिल्लांच्या कातडीखाली सारले. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. पहाटे बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. १९०८ साली त्याला पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या बोटात बाभळीचा काटा मोडला, की दुसऱ्या दिवशी तिथं ठणकतं, सुजतं, पांढरं होतं. तो तोच गराडा.

ही जन्मजात प्रतिकारशक्ती. लस घेऊन किंवा एकदा आजारी पडून कमावलेली ती वेगळी. जन्मजात शक्तीला शिकवणीची गरज नसते आणि ती तासा-दोन तासांत कामाला लागते. तिच्यात सगळ्यांत पुढं असतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. एक घन मिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात आणि मोठ्या माणसात त्यातल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल. हाडांच्या आतल्या मज्जेत त्या दररोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात. आयुष्य मात्र फार थोडं. रक्तात काही तास, फार तर काही दिवस.

जखमेपर्यंत पोचण्याची त्यांची रीत मला फार मोहवते. रक्त तर सारखं वाहतं आहे. जखमेजवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर चिकट आकड्यांसारखे रेणू वर येतात. वाहत जाणारी न्यूट्रोफिल त्यांना अडखळते, भिंतीवरून लोळत लोळत जाते, मग घट्ट चिकटते आणि भिंतीतल्या दोन पेशींच्या मधल्या फटीतून अंग चोरून बाहेर निसटते. थांबा नसलेल्या जागी चालत्या एसटीतून उतरावं तसं.

बाहेर पडल्यावर रस्ता कोण दाखवतो? वास. शब्दशः नाक नसतं तिला, पण पेशीच्या अंगभर वास ओळखणारे रेणू असतात. जंतूंच्या अंगातून सुटणारे कण आणि जखमी पेशींनी सोडलेली रसायनं जिकडं दाट, तिकडं ती सरकत जाते. दोन बाजूंच्या दाटपणातला थोडासा फरकही तिला कळतो.

जंतू गाठला की ती त्याच्याभोवती अंग पसरून त्याला गिळते. मग पोटात कोंडलेल्या जंतूवर जहाल रसायनं ओतते. त्यातलं एक आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत जी ब्लीचिंग पावडर टाकते, ती पाण्यात विरघळल्यावर जे जंतुनाशक आम्ल तयार होतं, नेमकं तेच आम्ल न्यूट्रोफिल स्वतःच्या पोटात बनवते. ते बनवणारं तिचं विकर मूळचंच हिरव्या रंगाचं असतं. पुवाला कधी कधी हिरवट झाक असते ती त्याची. २००४ साली बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी तिची आणखी एक करामत दाखवली. काही न्यूट्रोफिल मरतामरता आपल्या केंद्रकातला डीएनएचा धागा उसवून बाहेर फेकतात आणि त्या जाळ्यात जंतू अडकतात.

एवढं सगळं करून ती मरते. मेलेल्या न्यूट्रोफिल, मेलेले जंतू आणि विरघळलेलं मांस, याला आपण पू म्हणतो. किळस येते खरी. पण त्यातल्या प्रत्येक पेशीला वाट सापडली होती.

आता सेप्सिसकडं येऊ या.

दिवाळीच्या आधीचा आठवडा आठवा. आमच्या गल्लीत एरवी कुणाच्या घरी भजी तळली जात असतील, तर पोरं वासावरून बरोब्बर त्या दारात जाऊन उभी राहतात. दिवाळीच्या आठवड्यात मात्र चकली, शेव, अनारसे सगळ्याच घरांत चाललेले. अख्खी गल्ली तळणाच्या वासानं भरलेली. कुठलं दार म्हणून सांगायचं? जंतुसंसर्ग एका जागी आवरला गेला नाही, जंतूंचे तुकडे आणि शरीराची धोक्याची रसायनं सगळ्या रक्तात पसरली, की न्यूट्रोफिलची हीच गत होते. वास सगळीकडून सारखाच. दाट कुठं आणि विरळ कुठं, हा फरकच पुसला जातो.

गोष्ट इथंच थांबती तरी एक वेळ चाललं असतं. पण सतत मारा झाल्यामुळं पेशी आपलं वास घेण्याचं साधनच आत ओढून घेते. झगमगीत दिव्यापुढं आपण डोळे मिटतो तसं. ब्राझीलमधल्या रिबेराव प्रेतो इथल्या फर्नांडो कुन्हा यांच्या गटानं हे अनेक वर्षं उंदरांत तपासलं. सौम्य संसर्गात न्यूट्रोफिल जागेवर पोचत आणि उंदीर वाचत. तीव्र सेप्सिसमध्ये पेशी रक्तातच राहत, संसर्गाच्या जागी जंतू बिनधास्त वाढत आणि उंदीर मरत. सेप्सिसच्या रुग्णांच्या रक्तातून काढलेल्या न्यूट्रोफिलमध्येही वासाच्या दिशेनं जाण्याची शक्ती मंदावलेली आढळली.

मग न पोचलेल्या पेशी जातात कुठं? याचं उत्तर फुप्फुसाच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत आहे. या वाहिन्यांतल्या कित्येक न्यूट्रोफिलहूनही अरुंद असतात. निरोगी पेशी लवचीक असते, लांबट होऊन पलीकडं निघून जाते. सेप्सिसमध्ये खवळलेल्या न्यूट्रोफिलच्या आतला सांगाडा ताठरतो. ती वाकत नाही, त्यामुळं अडकते. एकामागून एक अडकत जातात. तिच्या पोटातली जहाल रसायनं तिथंच सांडतात, डीएनएची जाळी रक्तवाहिनीतच टाकली जातात आणि त्या जाळ्यांवर रक्ताच्या गुठळ्या धरतात. एरवी वेळ झाली की मुकाट मरणारी ही पेशी सेप्सिसमध्ये मरायचंही लांबवते, म्हणजे नासधूस आणखी वाढते. पायाच्या जखमेनं आलेला माणूस दोन दिवसांत व्हेंटिलेटरवर का जातो, हे कोडं आमच्या घरात बरेच दिवस कुणाला उलगडत नव्हतं. जंतू पायात होते. पेशी फुप्फुसात अडकून पडल्या होत्या.

भाच्याच्या दोन आकड्यांचा अर्थही इथं लागतो. सुरुवातीला मज्जा आपल्या कोठारातला सगळा माल बाहेर ढकलते, त्यामुळं आकडा चोवीस हजारांवर जातो. त्यात कच्च्या, पुरत्या न पिकलेल्या पेशीही असतात. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘बँड’ असं लिहून त्यांचं प्रमाण दिलेलं असतं. या पोरसवदा पेशी गिळण्यात आणि मारण्यात कमी पडतात. पुढं रक्तातल्या पेशी वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, कोठार रिकामं होतं आणि आकडा धाडकन खाली येतो. सेप्सिसमध्ये असा खाली आलेला आकडा डॉक्टरांना चढलेल्या आकड्यापेक्षा जास्त भिववतो.

कुणी म्हणेल, पेशी कमी पडतात तर औषधानं वाढवा. तेही करून झालं. मज्जेला डिवचून न्यूट्रोफिल वाढवणारं इंजेक्शन कॅन्सरच्या रुग्णांत उत्तम काम करतं. न्यूमोनिया आणि सेप्सिसच्या रुग्णांत त्याच्या चाचण्या झाल्या, पेशी भराभर वाढल्याही, पण मृत्यू काही कमी झाले नाहीत.

या आजाराविषयीचा डॉक्टरांचा समजही गेल्या पन्नासएक वर्षांत बराच हेलकावला आहे. १९७२ साली अमेरिकी डॉक्टर आणि निबंधकार लुईस थॉमस यांनी असं मांडलं की जंतूंपेक्षा त्यांच्यावर तुटून पडणारी आपली स्वतःची शस्त्रंच आपल्याला जास्त धोक्याची असतात. विचार चमकदार होता आणि मोठ्या प्रमाणात खराही. १९९० च्या दशकात त्या धर्तीवर औषधं बनली. शरीराचा भडका शमवायचा, दाह घडवणाऱ्या रसायनांना पकडून ठेवायचं. हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या, पण एकामागून एक औषध निराशा करत गेलं. दाह आणि रक्ताच्या गुठळ्या या दोन्हींना आवर घालण्यासाठी आणलेल्या एका महागड्या औषधाला २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २०११ साली ते बाजारातून काढूनही घ्यावं लागलं.

भडका शमवूनही माणसं का मरत होती? याचा एक धागा फार जुना आहे. १९४६ साली पॉल बीसन या अमेरिकी डॉक्टरांनी सशांना टायफॉइडच्या जंतूंची लस पुन्हा पुन्हा टोचली. पहिल्यांदा सशांना सणसणीत ताप आला. पुढच्या प्रत्येक वेळी ताप कमी कमी होत गेला. शरीर त्या विषाला सरावलं होतं. हा सराव मुळात चांगल्यासाठीच असतो. नाही तर प्रत्येक जंतूपायी आपण जळून गेलो असतो. सेप्सिसमध्ये मात्र हा ब्रेक प्रमाणाबाहेर लागतो आणि सुटतच नाही.

त्याचा सर्वांत मोठा फटका मोनोसाइट या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींना बसतो. या पेशीही जंतू गिळतात, पण त्यांचं आणखी एक महत्त्वाचं काम असतं. गिळलेल्या जंतूचे तुकडे त्या आपल्या अंगावर, जणू तबकात ठेवून, लिम्फोसाइट नावाच्या पेशींना दाखवतात. बघा, हा आला आहे, याच्या विरुद्ध तयारी करा. त्या तबकाला शास्त्रात एचएलए-डीआर असं रुक्ष नाव आहे. सेप्सिसच्या रुग्णांत मोनोसाइटच्या अंगावरची ही तबकं नाहीशी होऊ लागतात. जंतूचं विष समोर ठेवलं तरी त्या पेशी धोक्याची रसायनं पुरेशी सोडत नाहीत. बर्लिनच्या डॉक्टरांनी १९९७ साली अशा रुग्णांना इंटरफेरॉन गॅमा नावाचं औषध देऊन या पेशी पुन्हा जाग्या करता येतात, हे दाखवलं. या अवस्थेला तज्ज्ञ प्रतिकारशक्तीचा पक्षाघात म्हणतात. हे रूपक मात्र मला नेमकं वाटतं. पक्षाघातात हात जागेवरच असतो, दिसतो, मोजता येतो. उचलता येत नाही.

आमची आपा पहिल्या आठवड्यातून वाचली. सातव्या दिवशी ताप उतरला होता, रक्तदाब सावरला होता. आठव्या दिवशी नळी काढली. तिनं चहा मागितला, मग धाकट्या नातवाची फी भरली का, म्हणून विचारलं. गावाकडं फोन गेले, धोका टळला. बाराव्या दिवशी पुन्हा धाप लागली. या वेळी फुप्फुसात दुसराच जंतू होता, निरोगी माणसाच्या अंगावर सहसा टिकायचाही नाही असा. पायाची जखम तोवर भरत आली होती. एकोणिसाव्या दिवशी ती गेली. भाच्याच्या मनात एकच प्रश्न राहिला. अम्मी पहिल्या मोठ्या आजारातून उठली, मग या दुसऱ्या, बारक्या जंतूनं कसं नेलं?

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात रिचर्ड हॉचकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. सेप्सिसनं अतिदक्षता विभागात मृत्यू आलेल्या ४० रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संमतीनं, मृत्यूनंतर अगदी थोड्या वेळात त्यांच्या प्लीहेचे आणि फुप्फुसाचे नमुने घेतले गेले. इतक्या लवकर, की त्यातल्या पेशी अजून जिवंत होत्या. त्या पेशींना प्रयोगशाळेत डिवचून बघितलं. सेप्सिस नसलेल्यांच्या पेशींशी तुलना केली, तर त्यांनी सोडलेली रसायनं साधारण दहा टक्क्यांहूनही कमी भरली. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. अशा रुग्णांत एरवी दबून असलेले विषाणू पुन्हा डोकं वर काढतात, साध्या बुरशीही रक्तात शिरतात, हेही अनेक ठिकाणी दिसलं आहे. आज सेप्सिसनं होणाऱ्या मृत्यूंपैकी बरेचसे पहिल्या भडक्यात होत नाहीत. ते नंतरच्या, वरवर शांत दिसणाऱ्या दिवसांत होतात. मी भाच्याला हे सगळं कागदावर चित्र काढून समजावलं. त्यानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

औषधांचा शोध चालू आहे. मोनोसाइटच्या अंगावरची तबकं मोजायची, ज्याची प्रतिकारशक्ती खरोखर झोपली आहे त्यालाच जागं करणारं औषध द्यायचं आणि ज्याचा भडका अजून चालू आहे त्याला शमवणारं, अशी दिशा आहे. मला ती पटते. दोन्ही जातीच्या रुग्णांना एकच औषध देऊन पूर्वीच्या चाचण्या फसल्या असाव्यात, असं अनेक जाणकारांचं मत आहे. पण वाट चुकलेल्या पेशींना परत वाटेला लावणारं, हमखास आणि सगळ्यांसाठी म्हणावं असं औषध अजून दवाखान्याच्या कपाटात नाही. तोवर डॉक्टरांच्या हाती काय असतं? योग्य अँटिबायोटिक, सलाइन, प्राणवायू, रक्तदाब धरून ठेवणारी औषधं, आणि साचलेला पू किंवा सडलेला भाग काढून टाकणं. रक्तदाब कोसळलेल्या सेप्सिसच्या रुग्णाला निदान होताच एका तासाच्या आत अँटिबायोटिक मिळावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ही घाई कशासाठी, ते आता ध्यानात येईल. जंतूंचे तुकडे सगळ्या रक्तात पसरून वासाचा गोंधळ माजण्याआधी जंतू कमी करायचे असतात. एकदा पेशींची वाट चुकली, की अँटिबायोटिकनं जंतू मेले तरी फुप्फुसाचं आणि मूत्रपिंडाचं नुकसान चालूच राहू शकतं.

म्हणून घरच्या माणसांनी बघायच्या काही खुणा सांगून ठेवतो. ताप आहे, कुठं तरी जखम किंवा खोकला किंवा लघवीची जळजळ आहे, आणि त्यावर श्वास भरभर चालू लागला आहे, मिनिटाला बावीस किंवा त्याहून जास्त. माणूस असंबद्ध बोलतो किंवा गुंगीत जातो. वरचा रक्तदाब शंभरावर किंवा त्याखाली आला आहे. लघवी फार कमी झाली आहे. हातपाय गार पडले आहेत, कातडीवर जांभळट ठिपके-चट्टे आहेत. म्हाताऱ्या माणसांत ताप न येता अंग उलट गारही पडतं, आणि घरचे म्हणतात, ताप नाही, बरं आहे. यातलं काही दिसलं तर उद्या सकाळची वाट बघू नये. दवाखान्यात गेल्यावर ‘हा सेप्सिस तर नाही ना?’ असं सरळ विचारावं. डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तरी चालेल.

सगळ्यांत कमी वेळ असतो तो नवजात बाळाच्या हाती. त्याच्या मज्जेत न्यूट्रोफिलचं कोठार मुळातच लहान असतं आणि पेशी वासाच्या मागं मोठ्या माणसाच्या पेशींइतक्या चपळाईनं जात नाहीत. संसर्ग झाला की कोठार पाहता पाहता रिकामं होतं. अशा बाळाला पू होत नाही, कधी तापही येत नाही. ते फक्त अंगावर पिणं सोडतं, रडण्याचा आवाज बारीक होतो, हातपाय सैल पडतात, अंग गार लागतं. आजी म्हणते, बाळ आज फार शांत आहे.

ही शांतता वेळेवर ओळखता येते का, याचा शोध आपल्या गडचिरोलीत घेतला गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत प्रत्येकी एका साक्षर बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाच्या जन्मानंतर ती ठरलेल्या दिवशी घरी जायची, वजन करायची, श्वास मोजायची आणि या खुणा बघायची. खुणा जुळल्या आणि आईबाप बाळाला रुग्णालयात न्यायला तयार नसले, तर तिथंच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडानं अँटिबायोटिक द्यायची. काही डॉक्टरांना अंगणात दिलं जाणारं हे इंजेक्शन तेव्हा धाडसाचं वाटलं होतं. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे आकडे आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आणि सेप्सिस झालेल्या बाळांपैकी, हे उपचार सुरू होण्याआधी शंभरातली सोळा-सतरा दगावत, ती संख्या तीनच्याही खाली आली होती.